मागच्या बाजूचं फाटक

कुंपणाचा विषय शालूनेच काढला होता, त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल कुणाला बोल लावायची सोय तिला उरली नाही.

सिहोऱ्याच्या कडेला, जिथे घरं संपून धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथे तिच्या सासऱ्यांनी, टिकारामजींनी, नवं घर बांधलं होतं. पुढे खत-बियाण्यांचं दुकान, मागे घर आणि घरामागे ऐसपैस वाडी. दुकान सासरे आणि नवरा भूपेंद्र बघायचे. स्वयंपाकघरावर सासूबाईंचा, देवकाबाईंचा अंमल. वाडी तेवढी शालूची. तिथे तिने हळद लावली, वालाचे वेल चढवले, झेंडू आणि मोगरा फुलवला. हिवाळ्याच्या तोंडाशी रानडुकरं आली आणि हळदीचा अख्खा वाफा उलथून गेली. बेशरमाच्या काड्या रोवून केलेलं जुनं कुंपण त्यांना काय अडवणार? शालूला रडू आलं. तिने मोबाइलवर एक फोटो शोधून भूपेंद्रला दाखवला. कंबरेइतकं पांढरं लाकडी कुंपण, त्यावर निळ्या गोकर्णाचा वेल. असं काही करता येईल का, एवढंच तिने विचारलं.

भूपेंद्रचा बायकोवर जीव होता. ती सहसा काही मागत नसे, म्हणून त्याने ते मनावर घेतलं. जेवताना गोष्ट निघाली. लाकडाला वाळवी लागते, लोखंडाचं करा, असं टिकारामजी म्हणाले. कंबरेइतकं कुंपण डुकरं ढुशी देऊन पाडतील, चांगलं उंच करा, असं देवकाबाईंनी सुचवलं. मग शोभेचंच करू, असं भूपेंद्र म्हणाला. तुमसरला आता लेझर कटिंगचे पत्रे मिळतात, पानाफुलांच्या नक्षीचे. ताटं उचलेपर्यंत कंबरेचं कुंपण डोक्याच्या वर गेलं होतं. प्रत्येकाने त्यात आपली माया घातली होती. शालू भाजी वाढत ऐकत राहिली. नको म्हणायला तिच्याकडे कारण होतं, पण ते त्या ताटांवर सांगण्यासारखं नव्हतं.

वाडीच्या मागच्या कोपऱ्यात जुन्या कुंपणाला एक खिंडार होतं. तिथून बाहेर पडून बांधीच्या धुऱ्याने, म्हणजे शेताच्या बांधावरून, चाललं की पलीकडच्या वस्तीत, टोलीत, रीनाचं घर. रीना आणि शालू तुमसरच्या कॉलेजात एका बाकावर बसलेल्या. लग्न होऊन शालू सिहोऱ्याला आली आणि एके दिवशी वाडीतून तिला रीना दिसली. तीही इथेच सून होऊन आली होती आणि अंगणवाडीतल्या नोकरीवरून घरी चालली होती. दोघी धुऱ्यावर उभ्या राहून वेड्यासारख्या हसल्या होत्या. तेव्हापासून दुपारी घर झोपलं की शालू खिंडारातून जायची. रीनाच्या ओसरीवर दोघी चहा प्यायच्या, कॉलेजातल्या सरांच्या नकला करायच्या, रोपांच्या फांद्या एकमेकींना द्यायच्या. वाडीतला मोगरा मुळात रीनाच्या अंगणातला होता.

रीनाचं घर बौद्धांच्या वस्तीत. शालूच्या सासरी त्या वस्तीबद्दल कुणी कधी वावगा शब्द काढला नव्हता. तिथली गिऱ्हाइकं दुकानात यायची, टिकारामजी त्यांना खुर्ची द्यायचे. फक्त त्यांच्या घरी जाऊन कुणी पाणी प्यायलेलं नव्हतं. असा नियम आहे हेसुद्धा कुणी बोलत नसे, त्यामुळे तो मोडायचा तरी कसा, हा प्रश्नच होता. शालू तो रोज दुपारी मोडत होती आणि घरी येऊन कपबशा विसळत होती.

तुमसरच्या दुकानदाराने टॅबवर एकेक नमुना दाखवला. मोर, पिंपळपान, बांबूची पानं, नुसती चौकटींची जाळी. सगळ्यांना मागून शीट लावून मिळतं, म्हणजे आरपार काही दिसत नाही, असं तो कौतुकाने सांगत होता. शीट नसलेलं घेऊ, असं शालूने सुचवून पाहिलं. येणारे-जाणारे वाडीत डोकावतील, असं भूपेंद्रने समजावलं. मागे तर बांध्या आहेत, कोण डोकावणार, असं ती म्हणाली, तेव्हा तो हसला आणि पुढचा नमुना उघडायला लावला. शेवटी तिने बांबूच्या पानांवर बोट ठेवलं. ते खरंच सुंदर होतं, आणि याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

दुकानदाराने कागदावर वाडीचा चौकोन काढला आणि घराला लागून एक फाटक दाखवलं.

"मांगं बी एक फाटक पाह्यजे," शालू म्हणाली.

"मांगं कायले?" भूपेंद्रने विचारलं.

मोटारसायकलवर येताना तिने दोन-तीन कारणं जुळवून ठेवली होती. पालापाचोळा टाकायला, पाइप ओढायला. त्यातलं एकही तोंडावर आलं नाही.

"रीनाकडे जातो मी दुपारी. तिकून जवळ पडते."

भूपेंद्र रागावला नव्हता. दुकानदारासमोर हे निघालं, एवढ्याचीच त्याला अडचण वाटत होती. मग तो समजुतीने म्हणाला, "मंग समोरून जात जा ना. तुले कोणी नाही म्हटलं का आजवर?"

कुणीच म्हटलं नव्हतं. समोरून म्हणजे दुकानाच्या पायऱ्यांवरून, सासऱ्यांच्या खुर्चीसमोरून, मंदिर, चौक, पानठेले सगळं ओलांडून, गावाला अर्धा वळसा घालून टोलीच्या कमानीतून आत. टिकारामजींची सून कुठे चालली हे गावभर दिसलं असतं. हे भूपेंद्रलाही ठाऊक होतं. दुकानदाराने मदतीला धावून सांगितलं की जास्तीचं फाटक म्हणजे कमजोर जागा, डुकरं नेमकी तिथूनच घुसतात.

"पसंत आहे ना तुले?" भूपेंद्रने पुन्हा विचारलं.

"आहे," शालू म्हणाली.

कुंपण झालं तेव्हा आळीतल्या बाया बघायला आल्या. बपेऱ्याच्या आत्यासासूने पानांच्या नक्षीपुढे उभं राहून फोटो काढून घेतले. शालूची हौस आहे बाई, असं सगळ्या म्हणाल्या. ती हसून चहा देत राहिली. दुपारी ती एकटी वाडीत गेली. उन्हाचा एक तुकडा मधल्या वाफ्यावर पडला होता, बाकी सगळीकडे सावली. धुरा दिसत नव्हता, बांधी दिसत नव्हती. पलीकडे बाया काहीतरी बोलत चालल्या होत्या, त्यांचे शब्द ओळखू येत नव्हते. कोपऱ्यात जाऊन तिने पत्र्यावर हात ठेवला. उन्हाने तो तापला होता. तिने रीनाला फोन लावला. वेल्डिंग मशीनचा आवाज आपल्याकडे येत होता, असं रीना म्हणाली. "समोरून ये ना मंग," रीना म्हणाली, आणि थोडं थांबून, "जमन तं."

काही दिवसांनी शालूने साडी बदलली, पदर नीट केला आणि समोरच्या दारातून निघाली. देवकाबाईंनी कुठे म्हणून विचारलं. रीनाकडे, असं तिने सरळ सांगितलं. देवकाबाई चपला घालत म्हणाल्या, "थांब, मी बी येतो."

सासूसोबत निघालेल्या सुनेकडे वाटेत कुणी वळून पाहिलं नाही. रीनाच्या सासूबाईंनी, मंगलाबाईंनी, लगबगीने खुर्च्या पुसल्या, पाण्याचे पेले आणले, रीनाने चहा टाकला. देवकाबाई अगदी गोड बोलल्या. नातवंडांची विचारपूस केली, धानाची चौकशी केली. पेल्याला मात्र हात लावला नाही.

"आज उपास आहे मले," त्या म्हणाल्या.

उपासाला चहा-पाणी चालतं, हे तिथल्या चौघींनाही ठाऊक होतं. मंगलाबाईंनी पेला उचलला. मग रीनाने शालूपुढे कप धरला. सासूची नजर शालूला गालावर जाणवत होती.

"माहाबी चहा आताच झाला," शालू म्हणाली.

रीनाने कप आत नेला. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा अंगणवाडीच्या तपासणीला आलेल्या बाईंसमोर असावा तसा झाला होता, नम्र आणि बंद. परतताना देवकाबाई बाजारातल्या वांग्यांच्या भावाबद्दल बोलत राहिल्या. शालूला वाटलं, पत्र्याचं ते कुंपण आज आपणच डोक्यावरून वाहून रीनाच्या अंगणात नेऊन रोवलं.

पुढच्या वेळी देवकाबाई पुन्हा सोबत निघाल्या. पुन्हा त्यांचा उपास होता. रीनाने या खेपेला शालूला चहा विचारलासुद्धा नाही. शालूनेच हाक मारली. "रीना, मले चहा नाही देत का?"

रीना घुटमळली, मग तिने आतून कप आणला. शालूने तो सासूसमोर सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. देवकाबाई अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालू चहा ठेवायला गेली तेव्हा देवकाबाई एवढंच म्हणाल्या, "माह्यासाठी नको मांडू." मग त्यांनी वेगळं भांडं घेतलं आणि स्वतःचा चहा स्वतः केला. तेव्हापासून रोज तसंच. भांडण नाही, आदळआपट नाही. एका शेगडीवर दोन चहा उकळायला लागले. टिकारामजी कुठला प्यावा हे न कळून दुकानातूनच पिऊन येऊ लागले.

भूपेंद्रने मध्ये पडून पाहिलं. आई म्हातारी झाली, आता तिचा स्वभाव कुठे बदलणार, असं तो म्हणाला. मग हलकेच म्हणाला, "एक डाव म्हण ना, चुकलं म्हणून. तेवढ्यानं निभते."

"काय चुकलं ते सांगा," शालू म्हणाली. "मंग म्हणतो."

तो उठून दुकानात गेला. त्याने सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं शालूला वाटलं. निदान कशाशी भांडायचं ते कळलं असतं. रीनाही फोनवर म्हणाली की तुझ्या घरात आमच्यामुळे कटकट नको, थोडे दिवस जाऊ दे. थोडे दिवस म्हणजे किती, हे शालूने विचारलं नाही.

तरीही शालू गुरुवारी निघालीच. देवकाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी या वेळी विचारलं नाही आणि उठल्याही नाहीत.

"रीनाकडे जाऊन राहिलो, आई," शालू म्हणाली.

सुपातले तांदूळ खळखळले, एवढंच. ती दुकानाच्या पायऱ्या उतरली तेव्हा टिकारामजींनी वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं. भूपेंद्र गिऱ्हाइकाला बियाण्याची पिशवी दाखवत होता, त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. शालू मंदिरावरून पुढे गेली. चौकातल्या पानठेल्यावरचं बोलणं ती जवळ येताच थांबलं आणि ती पुढे गेल्यावर पुन्हा सुरू झालं. ऊन चढलं होतं. वळशाची वाट लांब होती, आणि परत येताना तीच पुन्हा चालायची होती.