शिडी नसलेली बोट

धक्क्याला विक्रीच्या दोन मोटरबोटी शेजारी शेजारी बांधल्या होत्या. रंग तोच, लांबी तीच, इंजिनही तेच. जुळ्या बहिणींत डावं-उजवं करायला सांगावं तशी पंचाईत. फरक एकच होता. एकीच्या मागच्या बाजूला खाली पायरी आणि घडीची शिडी होती, दुसरीला त्या जागी उन्हात लोळायची रुंद बैठक.

बाईंचा जीव शिडीवालीत अडकला होता. तीस वर्षं त्यांनी तलावावर पोहायला शिकवलं, मग गुडघा बदलावा लागला. बोटीच्या उंच काठावरून पाय टाकणं आता जमत नव्हतं. नवरा आपल्याला बोटीतून नेणार की धक्क्यावर ठेवणार, एवढंच त्यांना आज कळायला हवं होतं.

नवरा दातांचा डॉक्टर. त्यांनी बैठक दाबून पाहिली आणि म्हणाले, "ही."

"अहो, मी हिच्यात चढू कशी?"

"चढून दाखव बरं."

विक्रेत्यादेखत त्यांनी प्रयत्न केला. एक पाय काठावर, दुसरा धक्क्यावर, आणि बोट सरकायला लागली. विक्रेत्याने दंड धरला म्हणून बचावल्या. डॉक्टर मात्र पोट धरून हसले.

"डॉक्टर, कुणी पाण्यात पडलं तर शिडी असलेली बरी," विक्रेता चाचरत म्हणाला.

"पडतंय कोण? मी पाण्यात बोटही घालत नाही. आणि ही तर मासोळी आहे." मग बायकोकडे वळून म्हणाले, "तू गाद्यांचा रंग निवड. तेवढं तरी जमेल ना?"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते गिळून त्यांनी निळा रंग निवडला.

पंधरवड्याने बोट ताब्यात घ्यायला दोघं आले. गाद्या धक्क्यावर रचलेल्या होत्या. डॉक्टरांनी कोरं करकरीत लाइफ जॅकेट चढवलं. विक्रेता किल्ल्या आणायला ऑफिसात गेला, तेवढाही दम त्यांना निघेना. एक पाय काठावर, दुसरा धक्क्यावर, आणि बोट सरकली. धप्पकन आवाज झाला.

जॅकेटने त्यांना बुचासारखं वर आणलं. हे बुडत नाहीत, हे बाईंना एका नजरेत कळलं. डॉक्टरांना ते कळलेलं नव्हतं. ते बोटीच्या गुळगुळीत अंगाला नखांनी ओरबाडत होते.

"अगं, हात दे!"

"गुडघा वाकत नाही हो."

"मग त्याला हाक मार!"

ऑफिसचं दार वीस पावलांवर उघडंच होतं, आणि बाईंची हाक एके काळी अख्ख्या तलावापार जायची. त्यांनी एक निळी गादी धक्क्याच्या कट्ट्यावर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. मनात कळवळा शोधून पाहिला. सापडला नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

"बोट सोडा," त्या शिकवणीच्या सुरात म्हणाल्या. "काठ धरून कुणी पोहायला शिकत नाही."

"मी मरेन गं!"

"नवे सगळे असंच म्हणतात."

"शिडीवाली घेऊ! उद्याच बदलू! तुझी शपथ!" अडला हरी म्हणतात तो हाच. डॉक्टर आता चक्क रडत होते.

"तोंड बंद ठेवा. उघडलं की पाणी जातं."

किल्ल्या खुळखुळवत विक्रेता दारात आला आणि जागीच थबकला. "अहो बाई, काय झालं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "चढून दाखवतायत."