कागदी चष्मा

ही हकीकत २००९ सालची, तिकडच्या पंचांगातल्या रेड्याच्या वर्षातली. हनोईजवळ दुओंग नदीच्या बांधाखाली वसलेल्या त्या गावात तेव्हा घरोघरी एकच धंदा चाले, मेलेल्या माणसांसाठी कागदी वस्तू करण्याचा. अंगणात बसून बांबूच्या कामट्या तासायच्या, त्यांचा सांगाडा बांधायचा आणि वर रंगीत कागद चिकटवायचा. घोडे, जोडे, कपडे, आणि अलीकडे तर मोटारसायकली आणि मोबाईलसुद्धा. गिऱ्हाईक त्यावर आपल्या माणसाचं नाव लिहून ती वस्तू जाळणार, म्हणजे परलोकात ती बरोबर त्याच्याच हाती पडणार. नाव नसेल तर वाटेत कुणीही पळवतो, असं सगळे मानत.

त्या गावातली थोआ चाळिशीची, हाताची सफाई अशी की तिचा घोडा लांबूनही ओळखू यावा. डावा डोळा लहानपणीच गोवराने नेला होता. उजेड कुठून येतो एवढंच त्याला कळे. सगळी मदार उजव्यावर. आणि दोन वर्षांपूर्वी एक कामटी तासताना उसळली ती नेमकी त्याच डोळ्याला लागली. जखम चिघळली, आणि बरी झाली तेव्हा बुबुळावर पेजेच्या सायीसारखा पांढरा डाग ठेवून गेली. दोन वर्षं थोआ भिंत चाचपत स्वयंपाकघरापर्यंत जायची. मुलगा दक्षिणेकडे कारखान्यात लागला होता. तो सणाला घरी आला की ती त्याचा चेहरा बोटांनी बघायची.

त्या वर्षीच्या दुसऱ्या महिन्यात हनोईच्या इस्पितळातून बोलावणं आलं. कुणीतरी मरताना डोळे दिले होते. डॉक्टर हिएन नावाच्या बाईंनी थोआच्या बुबुळावरचा खराब पडदा काढून तिथे त्या माणसाचा स्वच्छ, पारदर्शक पडदा केसाहून बारीक टाक्यांनी शिवला.

पट्टी निघाली, थोआ घरी आली, तेव्हा अंगणात नवरा डोआन उभा होता. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"अहो, तुम्ही इतके म्हातारे कधी झालात?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा," तो म्हणाला. "म्हटलं, उरकून घेऊ."

बरं होणं मात्र डोळा उघडण्याइतकं सोपं नव्हतं. दिवसातून कितीदा तरी थेंब घालायचे. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही, झोपताना त्यावर प्लास्टिकची वाटी बांधायची, आणि धुराजवळ अजिबात जायचं नाही. टाके वर्षभर तरी राहणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळा लाल झाला, उजेड खुपू लागला किंवा धुरकट दिसू लागलं, तर त्याच दिवशी इस्पितळात या. दुसऱ्या दिवशी नाही.

सासूने, नेन आजींनी, ही सगळी कलमं पाठ केली. ऐंशीकडे झुकलेल्या, दात पानाने काळे झालेल्या, पाठ कमानीसारखी वाकलेली. पण थोआ भाताचं पातेलं उचलायला गेली की कोपऱ्यातून आवाज यायचा, "ठेव ते. तुला डोळा दिलाय, हमालीची कंबर नाही दिली."

पहिले काही आठवडे थोआ नुसती बघत होती. पालेभाजीच्या देठातलं पाणी, कोंबडीच्या पायाचे खवले, सासूच्या हातावरच्या शिरा. एकदा ती सुईत दोरा ओवून बसली होती, शिवायचं काहीच नव्हतं. 

मग एक दिवस शेजारची लुआ आली. मनाने वाईट नव्हती, पण मनात आलेलं तोंडात थोपवणं तिला कधी जमलं नाही.

"काय गं थोआ, मेलेल्याचा डोळा तो. काही वेगळंच दिसतं का?"

"तुझ्या दारातला उकिरडा दिसतो," आजी म्हणाल्या.

"मावशी, थट्टा नाही. मी म्हणते, हिचं भलं झालं, पण त्या बिचाऱ्याचं काय? तिकडे चाचपडत असेल की. देह पुरता न्यावा लागतो. अर्धवट गेला तर पुढच्या जन्मी आंधळा येतो म्हणतात."

आजींनी पानाची पिंक टाकली आणि तिला हुसकावलं. पण शब्द काही हुसकावता येत नाहीत. थोआने दोन वर्षं चाचपडून काढली होती. चाचपडणं म्हणजे काय ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या तपासणीला तिने डॉक्टर हिएनना विचारलं, "ते कोण होते? नाव तेवढं सांगा."

"ताई, नाव सांगायचा नियम नाही. दोन्ही घरांसाठी ते बरं असतं."

"मग त्यांना मी काही पाठवायचं कसं?"

डॉक्टरांना वाटलं, फळं किंवा पत्र पाठवायचं असेल. त्या म्हणाल्या, "डोळा नीट सांभाळा. तेच पाठवणं."

थोआला ते पटलं नाही. ती कागदी वस्तू करणाऱ्या गावची. घरी येऊन तिने बारीक कामट्या वाकवून चष्म्याची चौकट बांधली, सोनेरी कागद गुंडाळला, आत पारदर्शक कागदाच्या दोन काचा बसवल्या. इतका नाजूक चष्मा कुणी केला नव्हता. वरच्या चिठ्ठीवर नाव काय लिहायचं? थोडा वेळ थांबून तिने लिहिलं, "ज्यांचा डोळा माझ्याकडे आहे, त्यांना."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला, आजी देवळात गेल्या की ती अंगणातल्या लोखंडी पिंपात एक चष्मा जाळायची. पूर्ण जळाला की नाही हे बघायला पिंपावर वाकायची. अर्धवट जळालेली वस्तू तिकडे मोडकी पोचते ना! ज्या डोळ्याला धुरापासून जपायचं, तोच डोळा ती धुरात धरत होती. आणि प्रत्येक वेळी मनात एकच भीती, नाव नाही, तेव्हा हाही चष्मा वाटेत कुणीतरी पळवला असेल.

सातवा महिना लागला. त्या महिन्यात बेवारस आत्म्यांना मोकळीक मिळते. लोक दारासमोर पानांवर पातळ पेज ओततात, ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी. गावात मालाची घाई. डोआन गाडी भरभरून कागदी सामान हनोईला नेत होता. आणि त्याच दिवसांत थोआचा डोळा लाल झाला. उजेड सुईसारखा टोचू लागला. आजींच्या हातावरच्या शिरा पुन्हा धूसर झाल्या.

थोआने ओळखलं, किंवा तिला वाटलं की ओळखलं. तो आला होता. आपलं मागायला आला होता.

तिने कुणाला सांगितलं नाही. थेंबांची बाटली डोळ्यावर धरायची आणि गालावर ओघळू द्यायची. ज्याचं आहे त्याने न्यावं, आपण अडवणारे कोण? यात तिला एक प्रकारची शांतीसुद्धा वाटत होती, आणि तीच फार वाईट होती.

वाचकहो, आपण असल्या समजुतींना हसतो. पण कुणाचं काही घेतलं तर ते सलत राहावं, हा काही दुर्गुण नाही. थोआ प्रामाणिक होती. तिच्या प्रामाणिकपणाला कुणी खोटी वाट दाखवली होती, एवढंच.

आजींच्या लक्षात आलं ते चहावरून. थोआने हिरवा चहा ओतला तो पेल्याच्या काठावरून चटईवर. मग त्यांनी पाहिलं, सून दाराकडे पाठ करून बसते. पौर्णिमेच्या दिवशी त्या देवळात जाते म्हणून निघाल्या आणि वळणावरूनच परतल्या. थोआ पिंपावर वाकलेली होती, एका हाताने डोळा झाकून.

"काय जाळतेस?"

थोआ दचकली. हातातला, अजून जाळायचा राहिलेला चष्मा तिने पाठीमागे लपवला, पण आजींनी तो काढून घेतला. चिठ्ठी त्यांना वाचता येईना. त्यांनी ती सुनेपुढे धरली. "वाच."

थोआने वाचली नाही. तिला ती दिसतच नव्हती. पण काय लिहिलंय ते तिने सांगितलं, आणि मग बाकीचंही सांगितलं. "आई, ते अंधारात असतील. त्यांना परत हवा असेल तर नेऊ द्या. मला सवय आहे."

आजी पिंपाजवळच्या पाटावर बसल्या. चष्मा त्यांच्या मांडीवर होता.

"तुझ्या सासऱ्यांना आपण उकरलं तेव्हा तू नवी सून होतीस. आठवतं?"

त्या भागात अशीच रीत आहे. माणूस पुरल्यावर तीन वर्षांनी, उजाडायच्या आत, माती उकरून हाडं काढायची, सुगंधी पाण्याने धुवायची आणि लहान पेटीत ठेवून पुन्हा, कायमची, पुरायची.

"आठवतं," थोआ म्हणाली.

"दिवा कुणी धरला होता?"

"मी."

"मी त्यांची कवटी या दोन हातांनी धुतली. तू दिवा अगदी जवळ आणला होतास. डोळ्यांच्या जागी काय होतं, सांग."

थोआ पिंपातल्या राखेकडे वळली.

"सांग ना. तेव्हा तुला दिसत होतं."

"माती."

"माती. मग तुझे सासरे तिकडे आंधळे आहेत का?"

"नाही."

"श्राद्धाला ताट वाढताना मी दर वर्षी काय म्हणते?"

"म्हणता, भाजी नीट मांड, ते बघताहेत."

"आणि बघतातच ते. माझ्याइतका त्यांचा खवचट स्वभाव कुणाला ठाऊक नाही." आजींनी मांडीवरचा चष्मा सरळ केला. "पोरी, या गावात प्रत्येक बाईने कुणाची ना कुणाची हाडं धुतलीत. एकीच्याही हाताला डोळा लागलेला नाही. माती सगळ्यांचेच डोळे घेते, आणि ती कुणाला विचारत नाही. तुझ्या त्या माणसाच्या घरच्यांनी एवढंच केलं, मातीच्या आधी तुला दिला. मेलेल्याचं काही गेलं नाही. गेलं ते मातीचं."

"मग डोळा असा का झाला?"

"ते मला काय विचारतेस? मी डॉक्टर आहे का? धुरात धरलास, औषध गालाला पाजलंस, आणि वर विचारतेस."

"आई, तुम्हीसुद्धा आयुष्यभर हेच बनवलंत, हेच जाळलंत."

"बनवलं. अजून बनवेन. जाळणाऱ्याच्या जिवाला बरं वाटतं, म्हणून. पण माझा एकही घोडा पोचला म्हणून कुणी सांगायला आलं नाही." त्यांनी चष्मा उचलून स्वतःच्या नाकावर ठेवला. काळ्या दातांची ती म्हातारी सोनेरी चष्म्यातून सुनेकडे बघत राहिली. "बघ, मला यातून काही जास्त दिसत नाही. त्या माणसाने या जगात मागे ठेवलेलं, अजून बघू शकेल असं एकच आहे, आणि ते तू विझवायला निघालीस!"

थोआच्या डोळ्यांना धार लागली.

"रडायचं ते डॉक्टरपुढे रड. तिथे औषध तरी असतं. लुआ! अगं ए लुआ! गाडी काढ."

लुआ हाताला खळ लागलेलीच धावत आली. "आज? मावशी, आज पौर्णिमा, माझे वीस घोडे वाळायचेत."

"घोडे कुठे पळून जात नाहीत. तुझ्या तोंडाने ही वेळ आणलीय, आता तुझ्या गाडीने निस्तर."

लुआने थोआच्या डोळ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पुढे लुआ, मध्ये तोंडावर टोपी धरलेली थोआ, मागे तिला कवळून नेन आजी, अशा तिघी बांधावरून हनोईला निघाल्या. वाटेत पहिल्यांदाच लुआ काही बोलली नाही.

डॉक्टर हिएननी दिव्याखाली डोळा तपासला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, मागायला कुणी आलेलं नाही. तुमचंच शरीर आहे हे. नवा पडदा परका आहे असं समजून ते त्याला घराबाहेर काढायला बघतं. हे थेंब शरीराची समजूत घालतात, की राहू दे याला, हा आपलाच. समजूत घालणं थांबवलंत, म्हणून भांडण लागलं. अजून उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं."

"मी त्याला परकं मानलं," थोआ हळूच म्हणाली. "शरीराने मानलं तर त्याचं काय चुकलं?"

तिला इस्पितळात ठेवलं. तासातासाला थेंब. आजी खाटेशेजारी चटईवर, एकही थेंब गालावर जाऊ देत नव्हत्या. हळूहळू लाली ओसरली. एका सकाळी थोआ म्हणाली, "आई, तुमच्या ओठाला चुना लागलाय." आजींनी डोक्याच्या रुमालाच्या टोकाने ओठ पुसला, आणि मग ते टोक बराच वेळ तोंडावरच राहू दिलं.

निघताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "माझे चालतील का? जुने आहेत. पण बघायचं ते सगळं बघितलंय त्यांनी."

"वयाचं काही नाही आजी. पडदा स्वच्छ असला की झालं."

डोआन ऐकून बिथरला. "आई, मी लोकांना काय सांगू?"

"सांग, म्हातारीने मातीला फसवलं."

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. थोआचा तो डोळा आजही शाबूत आहे. आता खराखुरा चष्मा लागतो. घोडे, जोडे ती अजून करते, कागदी चष्मा मात्र पुन्हा कधी केला नाही. दर पौर्णिमेला ती त्या अनोळखी माणसासाठी एक उदबत्ती लावते, लांबून, आणि त्या दिवशी काय काय पाहिलं ते त्याला सांगते. लुआ आजूबाजूच्या गावांतल्या डोळ्यांच्या रुग्णांना आपल्या गाडीवर इस्पितळात नेते. कुणी देह पुरता नेण्याची भाषा केली की विचारते, "मातीला विचारून आलात का?" डॉक्टर हिएन निवृत्त झाल्या. नेन आजी पाच वर्षांनी, घोड्याच्या वर्षी, हिवाळ्यात, झोपेतच गेल्या. इस्पितळाची माणसं आली तेव्हा डोआन हुंदके देत होता, पण सही त्यानेच केली. दोन माणसांना त्या दिवसानंतर दिसू लागलं. कोण, ते या घराला कधी कळलं नाही, आणि घरच्यांनी विचारलंही नाही.

माणसाचं ऋण धुराने फिटत नाही. मिळालेलं जपून वापरावं आणि आपली पाळी आली की पुढे द्यावं, एवढंच आपल्या हातात आहे. जे मातीत जाणारच आहे ते कुणाच्या तरी डोळ्यांत राहिलं, तर जाणाऱ्याचं काही उणं होत नाही.

तीन वर्षांनी, उजाडायच्या आत, आजींची हाडं काढली. थोआ धूत होती. दिवा तिच्या नव्या सुनेने धरला होता. कवटी पाण्यातून वर आली, तशी त्या पोरीने दिवा जवळ आणला आणि दबकत विचारलं, "आई, आजींनी डोळे दिले म्हणून हे असं रिकामं आहे का?"

"नाही गं," थोआ म्हणाली. तिने अंगठ्याने त्या दोन्ही खोबणींतली माती हलकेच काढली. "सगळ्यांचं असंच असतं. दिवा नीट धर. त्या बघताहेत."