पहिल्याला हो, बाकीच्यांना नाही

दोन वर्षांत पहिल्यांदाच डॉइल कूम्ब्सने बायकोचं गाडीचं लायसन स्वतःच्या पाकिटातून बाहेर काढलं. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, ते लीटाच्या मांडीवर टाकलं आणि म्हणाला, "सांभाळ. दुकानातून निघालो की परत दे."

लीटाने ते उचलून बघितलं. फोटोतली बाई गुबगुबीत होती आणि कशाला तरी हसत होती. कशाला, ते काही केल्या तिला आठवेना.

"आता परत एकदा म्हण," डॉइल म्हणाला.

"पहिल्या प्रश्नाला हो. बाकीच्या सगळ्यांना नाही."

"शाबास. एवढं तरी लक्षात राहू दे. आणि तोंड कमी उघड."

डॉइलला स्वतःला पिस्तूल विकत घेता येत नव्हतं, म्हणून हा सगळा खटाटोप. बारा वर्षांपूर्वी आर्कान्सात त्याच्या पहिल्या बायकोचा हात दोन ठिकाणी मोडला होता. ती जिन्यावरून पडली असं डॉइल सांगायचा, पण कोर्टाला तो जिना सापडला नाही. घरच्या माणसावर हात उचलल्याचा गुन्हा एकदा नावावर लागला की कायदा हातात हत्यार येऊ देत नाही. लीटाने लग्नानंतर वर्षभर त्या जिन्यावर विश्वास ठेवला होता. नंतर तिला स्वतःच्याच घरात तो जिना बऱ्याच वेळा भेटला.

आता हे पिस्तूल का, तर सहा आठवड्यांपूर्वी जेवताना लीटा बोलून गेली होती की कॅन्ससला बहिणीकडे, आर्लिसकडे, थोडे दिवस राहून यावंसं वाटतंय. बोलली आणि लगेच जीभ चावली. डॉइलने मक्याच्या पावाने घेवड्याचा रस्सा निपटून खाल्ला, ताटली पुसली आणि शांतपणे म्हणाला, "तुला एक पिस्तूल घेऊ या. काळ वाईट आहे."

ते पिस्तूल कोणाच्या उशाशी राहणार हे काही सांगायला नको होतं. ते घरात आलं की आपण त्या घरातून आपल्या पायांनी बाहेर पडत नाही, हे लीटाला लख्ख कळत होतं. पण कळून करणार काय? फोन डॉइलच्या खिशात. गाडीची किल्ली डॉइलच्या पट्ट्याला. गावातला पोलीस डॉइलचा मासेमारीतला जोडीदार. शाळेच्या स्वयंपाकघरात ती कामाला जायची, तिथंही हा सोडायला आणि न्यायला. वर दुकानात भरायच्या सरकारी फॉर्मवर खोटं लिहिलं तर तुरुंगात जायची वेळ लीटावर, कारण सही तिची. डॉइलला ही गंमत फार आवडली होती. सकाळपासून दोनदा सांगून झाली होती.

दुकान टॅकेट नवरा-बायकोचं. ऑरिन टॅकेट काउंटरमागे, सत्तरीचा, पोट सुटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याची बायको नदीन दुकानातसुद्धा काळा चष्मा लावून बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता. गोळ्यांच्या फळीपाशी दोन गिऱ्हाइकं आपसात कुजबुजत होती, तीही मालकांसारखी कमरेला हत्यार लावलेली. दुकानात त्या घडीला कमरेला काहीच नसलेली माणसं दोनच, लीटा आणि डॉइल.

"बाईंना कपड्याखाली बाळगायला हवंय," डॉइलने सुरुवात केली.

"मग आधी बाईंचा हात बघू या," ऑरिन म्हणाला.

"हात काय बघता मालक, भविष्य सांगणार का? तिला यातलं ओ की ठो कळत नाही. मला दाखवा."

ऑरिनने चष्मा कपाळावरून नाकावर आणला, डॉइलकडे क्षणभर बघितलं आणि काचेच्या कपाटातून तीन लहान पिस्तुलं काढून रुमालावर मांडली. डॉइलचा हात सरळ तिसऱ्यावर गेला.

"नजर चांगली आहे तुमची," ऑरिन म्हणाला. "याला काँपेन्सेटर आहे. नळीच्या तोंडाशी वरून खाचा दिसतायत ना? गोळी सुटली की जाळ-वारा तिथून वर फेकला जातो आणि नळी खाली दाबली जाते. लहान पिस्तूल हातात उसळतं, तो याचा मोठा दोष. इथं तो बराचसा मरतो."

"म्हणजे दुसरी गोळी लगेच."

"लगेच. नेम फारसा हलत नाही."

डॉइलने भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला, मग खाली आणला, मग परत धरला. लीटा त्याच्या मनगटाकडे बघत राहिली. पहिली गोळी कोणासाठी ते तिला माहीत होतं. दुसरी कोणासाठी? स्वतःच्या डोक्यात घालून घेणाऱ्यांतला तो नव्हता, त्याचा स्वतःवर फार जीव होता. म्हणजे दोन्ही आपल्याच वाट्याच्या, असा तिने हिशेब केला.

"पण खरं सांगू?" ऑरिन म्हणाला. "बाईंना मी हे देणार नाही. कपड्याखाली बाळगणारं माणूस कधी वापरणार? कोणी अंगाला अंग लावून धरलं तर. तेव्हा हात लांब करायला जागा नसते, कोपर बरगडीला लावून चाप ओढायचा असतो. यातला सगळा जाळ तेव्हा आपल्याच तोंडावर. बंद खोलीत तर कानठळ्या बसतील. आणि याला जरा जोरदार गोळ्या लागतात, हलक्या घातल्या की अडकून बसतं. हे साधं घ्या. उसळेल थोडं, पण दगा देणार नाही."

"तिला हेच हवंय."

"बाई, तुम्हाला काय वाटतं?"

लीटाने तोंड उघडलं. "तिला हेच आवडलंय," डॉइल म्हणाला. तिने तोंड मिटलं.

ऑरिनने रुमाल झटकला. त्या दुकानाची एक रीत होती, पिस्तूल नवऱ्याने निवडो की बापाने, जो बाळगणार त्याच्या अंगावर पट्टा बसवून बघितल्याशिवाय विक्री पुढे सरकायची नाही. बायकांचा पट्टा कपड्याच्या आत, पोटाभोवती. ते काम मागच्या खोलीत, पडद्याआड, नदीनकडे.

"उजव्या बाजूच्या खिशाचा द्या," डॉइल म्हणाला आणि पडद्यापर्यंत सोबत चालत आला.

"तुम्ही इथं थांबायचं," नदीन म्हणाली. "आत बायकांची मापं घेतात."

"थांबतो की. ऐकू येतंय मला."

ऐकू येत होतंच, पडदा फडक्याइतका पातळ होता. पलीकडे डॉइलचे बूट दिसत होते. नदीनने लीटाचा सदरा वर करायला सांगितलं आणि रुंद लवचिक पट्टा तिच्या पोटाभोवती गुंडाळून मागे घट्ट केला. उजव्या कमरेशी खिसा आला. त्यात तिने निळ्या रबराचं खोटं पिस्तूल सरकवलं.

"आता काढ बघू, पोरी. घाईत काढल्यासारखं."

लीटाचा डावा हात पोटावरून आडवा उजव्या कमरेकडे गेला, खिशात अडकला, मूठ उलटी आली. तिने परत प्रयत्न केला. परत डावाच हात, ती डावखुरी होती.

नदीनने काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लालभडक होता आणि त्यातून पाणी गळत होतं. तिने लीटाचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ओठ जेमतेम हलवत विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली गं?"

"दहा."

"दहा वर्षं समोरासमोर जेवताय तुम्ही. तरी खिसा उजवा."

लीटा काही बोलली असती तर ते बुटांना ऐकू गेलं असतं. तिने नुसती मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून, ते तिलाही कळलं नाही.

"काय चाललंय एवढा वेळ?" बाहेरून डॉइल.

"पट्टा बसवतेय, पायमोजा नाही चढवत," नदीन मोठ्याने म्हणाली. मग चष्मा लावला आणि लीटाच्या कानाशी वाकली. "तो फॉर्म तुलाच भरायचा आहे. त्यात दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही, कायदाच तसा आहे. तू जे लिहिशील ते आम्ही वाचणार. एवढंच सांगते." परत मोठ्याने, "पट्टा राहू दे अंगावर, सवय होऊ दे. छान बसलाय."

रबराचं पिस्तूल तिने काढून घेतलं. रिकामा खिसा लीटाच्या कमरेशी तसाच राहिला.

फॉर्म भरायचं टेबल कोपऱ्यात होतं. ऑरिनने लायसनवरचा फोटो लीटाशी ताडून बघितला आणि ते काउंटरवर आपल्यापाशी ठेवून घेतलं. डॉइल तिच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"साहेब, तुम्ही जरा गोळ्या बघा तिकडे," ऑरिन म्हणाला.

"बायको बावळट आहे हो माझी. काहीतरी चुकवून ठेवेल."

"चुकू दे. बघा तिकडे."

डॉइल चार पावलं लांब गेला आणि गोळ्यांच्या डब्यांकडे पाठ करून उभा राहिला. लीटाने नाव लिहिलं. पत्ता, जन्मतारीख, उंची. मग पहिला प्रश्न आला. हे हत्यार तुम्ही खरोखर स्वतःसाठी घेत आहात काय?

पेन थांबलं. हो लिहिलं तर संध्याकाळी ते घरात. नाही लिहिलं तर आज रिकाम्या हाताने घरी, आणि रिकाम्या हाताने घरी गेलेला डॉइल तिला माहीत होता. त्याच्या हातांना काँपेन्सेटर नव्हता, पण दुसरा फटका लगेच बसायचा. कुठूनही बघा, संध्याकाळ घरीच होती.

मग तिला एक गोष्ट सुचली, आणि सुचली तीही डॉइलच्याच कृपेने. बावळट बाई घाबरली की काय करते? सगळ्यांना एकच उत्तर लिहून मोकळी होते. तिने पहिल्यासमोर लिहिलं, नाही. दुसऱ्यासमोर नाही, तिसऱ्यासमोर नाही. पार खालपर्यंत नाहीची रांग लावली, सही केली आणि कागद ऑरिनच्या हातात दिला.

ऑरिनने वाचला. चष्मा पुसला, परत वाचला. "बाई, पहिल्याला तुम्ही नाही लिहिलंय."

डॉइल तीन ढांगांत तिथं आला. "बघा, म्हटलं नव्हतं? अगं ए ढब्बू, पहिल्याला हो! घोकून घेतलं होतं मी तुझ्याकडून." तो हसला आणि गोळ्यांपाशी उभ्या दोघांकडे बघितलं. ते हसले नाहीत. "द्या मालक, दुसरा कागद द्या."

आपण काय बोलून बसलो हे त्याचं त्याला अर्ध्या श्वासानंतर कळलं.

ऑरिनने त्याच्याकडे बघितलंच नाही. "मी बाईंना विचारतोय. चुकून लिहिलंत का?"

वाट तर त्याने मोकळी करून दिली होती. हो, चुकून, एवढं म्हटलं की झालं. आज पिस्तूल मिळणार नाही, रात्री मार बसेल, पण बावळट म्हणून बसेल, आणि त्या माराची सवय होती. पुढच्या आठवड्यात दुसरं दुकान, तिथं पडद्यामागे कोणी नसेल. डॉइल तिच्याकडे बघत होता. तो हसायचा थांबला होता आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सांग ना गं त्यांना."

"चुकून नाही," लीटा म्हणाली. तिचाच आवाज तिला नवीन वाटला. "मला पिस्तूल नकोय. हे यांच्यासाठी आहे. यांना घेता येत नाही."

ऑरिनने ते पिस्तूल रुमालासकट उचललं, काचेच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. फळीपाशी उभ्या दोघांतला एक दाराच्या बाजूला सरकला, दुसरा डॉइलच्या. हात कोणीच हलवले नाहीत.

"डोकं फिरलंय हिचं," डॉइल म्हणाला. "चल, गाडीत बस."

लीटा उठली नाही.

"तिचं लायसन द्या इकडे," डॉइलने काउंटरवर तळवा पसरला.

ऑरिनने लायसन उचललं, डॉइलचा तळवा ओलांडून हात लांब केला आणि ते लीटाच्या डाव्या हातात दिलं.

डॉइल गेला, पण लांब गेला नाही. दुकानासमोर गाडी सुरू ठेवून बसला. काचेतून त्याची टोपी दिसत होती. लीटाने सांगितल्यावरून ऑरिनने जिल्ह्याच्या शेरीफला फोन लावला, गावच्या पोलिसाला नाही. नदीनने लीटाला पडद्याआड नेलं. मागच्या खोलीला दुसरं दार होतं, त्याच्याबाहेर एक जुनी हिरवी गाडी उभी होती.

"माणसं आहेत का तुझी कुठे?"

"बहीण. कॅन्ससला. चार तास."

"शेरीफचा माणूस येईपर्यंत ऑरिन याला इथं गुंतवून ठेवेल. त्याला वाटेल तू आत रडत बसलीयस. मी येते तुझ्यासोबत." नदीनने किल्ली काढली आणि चष्म्याच्या काचेवर बोटाने टकटक केलं. "पण मला डॉक्टरांनी महिनाभर गाडीला हात लावू नको म्हटलंय. तुला चालवता येते ना?"

समोरच्या बाजूने डॉइलने भोंगा वाजवला, एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा. लीटा दोन्ही वेळा दचकली. तिने सदरा थोडा वर केला, पोटावरच्या पट्ट्याच्या खिशात लायसन नीट आतपर्यंत सरकवलं, वरून हाताने दाबून बघितलं.

"येते," ती म्हणाली. "लायसन आहे माझ्याकडे."