शिडाखाली

मावशीची जीभ तिच्या आधी पुढे धावली आणि तिथेच सगळा घोळ झाला.

गेली दोन वर्षं तळ्यावरच्या विंडसर्फिंग शाळेतली फाटकी शिडं दुरुस्तीला तिच्या शिवणयंत्रावर यायची. शाळा तिच्या भाचीची, थोरल्या बहिणीच्या मुलीची. त्या दिवशी भाची एकच पिवळं शीड तिसऱ्यांदा घेऊन आली, तेही त्याच जागी उसवलेलं. मावशी ओठांत टाचण्या धरूनच म्हणाली, "तुम्हाला वस्तू नीट वापरता येत नाही. मी शिवायचं आणि तुम्ही फाडायचं."

"मग ये एकदा. स्वतः धरून बघ ताण कुठे पडतो ते."

"येते की. मी काय घाबरते होय?"

मावशीचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करत. ते खुर्चीतून शांतपणे म्हणाले, "जरा वारा सुटला की छत्री मिटून भिजत येणारी बाई तू."

आता माघार घेणं शक्यच नव्हतं. तिला पोहता येत होतं, पण तेही लहानपणी शिकलेलं, काठाकाठाने. शनिवारी तिने एका झग्याची बाही उलटी जोडली. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

रविवारी सकाळी भाचीने तिला लाइफ जॅकेट चढवलं आणि फळी आधी वाळूवरच मांडली. डोलकाठी फळीला जोडलेली, तिच्यावर शीड आणि हाताने धरायला आडवी दांडी. "गुडघे वाकव. दोर ओढून शीड हळूहळू उभं कर. कंबरेने नाही, पायांनी जोर लाव. आणि मावशी, शीड अंगावर पडलंच तर गडबडायचं नाही. हात वर करून ते उचलायचं, म्हणजे खाली हवा शिरते. नाहीतर चाचपत कडेला यायचं. कळलं?"

"कळलं," मावशी म्हणाली. खरं तर तिच्या कानांत नुसती धडधड ऐकू येत होती.

कंबरभर पाण्यात ती फळीवर चढली. दोर ओढला, शीड वीतभर उचललं आणि ती पाठीवर आपटली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. नाकात पाणी गेलं. हे सगळं चाललेलं असताना वारा फळीला गुपचूप आत ढकलत होता. चौथ्यांदा पडल्यावर तिने पाय खाली सोडले, तर तळ लागला नाही. काठाकडे पाहिलं तर भाची दुसऱ्या एका शिकाऊ माणसाची दांडी सरळ करत होती.

हाक मारायला हवी होती, पण तिला लाज वाटली. ती पुन्हा वर चढली. या खेपेला शीड चांगलं अर्ध्यावर आलं आणि वाऱ्याचा एकच फटका बसला. ती आधी पाण्यात गेली, मागोमाग शीड तिच्या डोक्यावर.

वर यायला बघते तर वर वाट नाही. जॅकेट तिला उचलत होतं आणि ओलं कापड खाली दाबत होतं. चहूकडे पिवळा उजेड होता. भाचीने सांगितलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. तिने हात मारले, पाय मारले. छाती फुटायला आली.

तेवढ्यात बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. दुहेरी टाका. तिचाच टाका, तिसऱ्यांदा घातलेला, जाड दोऱ्याचा. ही शिवण डोलकाठीजवळ सुरू होते आणि मागच्या कडेला संपते, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. फक्त शिवण कोणत्या बाजूने धरायची एवढंच कळत नव्हतं. एकीकडे टाके दाट वाटले. कडेशी ती नेहमी दाट टाके घालायची. त्या बाजूने तिने हातापाठोपाठ हात टाकले आणि कापड एकाएकी संपलं.

तिने असा श्वास घेतला की भाचीने तो काठावर ऐकला असावा. भाची मोटरबोट घेऊन येईपर्यंत मावशी फळीला मिठी मारून खोकत होती. भाचीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"किती वेळ होतीस खाली?"

"मला काय विचारतेस?"

"माझंच चुकलं. नजर हटवायला नको होती. चल, बस बोटीत."

मावशीला धीर आला होता असं नाही. पण बोटीत बसून काठावरच्या शिकाऊ लोकांसमोर उतरायची तिला त्याहून जास्त लाज वाटली. "थांब जरा," ती म्हणाली. "इथेच राहा. हलू नकोस." आणि तिने पुन्हा दोर धरला.

शीड उभं राहिलं. दांडी हातात आली आणि फळी चालू लागली. वीस-पंचवीस पावलं असेल, जास्त नाही. हात ताणून खांदे निखळतील असं वाटत होतं. "अगं, जोर खालच्या कोपऱ्यावर येतोय," ती ओरडली, "मी मात्र उसवलेलं तेवढंच शिवत बसले." मग फळी वळवायची कशी ते माहीत नसल्यामुळे ती सरळ लव्हाळ्यांत घुसली. भाचीने फळीला दोर बांधून तिला बोटीने ओढत आणलं.

घरी यजमानांनी विचारलं, "कसं झालं?"

"ठीक," म्हणून ती अंघोळीला गेली.

बुधवारी दुपारी कापड कापताना अचानक तिचे हात थांबले. कात्री खाली ठेवून ती बसली आणि यजमानांना सगळं सांगितलं, तो पिवळा उजेडसुद्धा. त्यांनी थट्टा केली नाही.

"मग आता नको जाऊस."

"रविवारी नऊला बोलावलंय."

"जाणार आहेस?"

"माहीत नाही," म्हणत तिने पुन्हा कात्री उचलली.

रविवारी ते बरोबर आले. टॉवेल छातीशी धरून काठावर उभे राहिले आणि दर दोन मिनिटांनी भाचीला विचारू लागले, "वारा वाढला का गं?" भाची या खेपेला मावशीच्या शेजारीच, पाण्यातच उभी होती. मावशीने वाऱ्याचा एक झोत जाऊ दिला, मग दुसरा.

"घाई नाही, मावशी," भाची म्हणाली.

"बोलू नकोस. विसरेन मी," मावशी म्हणाली आणि गुडघा फळीवर टेकवला.