छापील प्रार्थना

बेकरीवाले काका प्रार्थनेला उभे राहिले की मंडळीतल्या बायका पदर सावरून, पाय मोकळे करून बसायच्या. आता बराच वेळ हलायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तोंडावर काका, पण पाठ वळली की लांबणकाका. हे नाव कुणी ठेवलं ते कुणी कबूल करत नाही, पण टेलरमास्तरांवर सगळ्यांचा संशय आहे आणि टेलरमास्तर तर काकांचे जिवलग मित्र.

काकांची प्रार्थना आजाऱ्यांपासून सुरू व्हायची. तिथून ती परीक्षेला बसलेल्या पोरांकडे, नळाला न येणाऱ्या पाण्याकडे, खणून ठेवलेल्या रस्त्याकडे फिरत फिरत एकदाची आमेनला यायची. शब्द स्वतःचे, दर खेपेला नवे. खोटं कशाला बोला, माणसाला वाचा होती. पण मध्येच एक टोला ठरलेला असायचा. "प्रभू, तू आम्हाला छापील प्रार्थनांच्या पोपटपंचीतून सोडवलंस, म्हणून तुझे उपकार!" हा टोला रस्त्यापलीकडच्या कॅथलिक चर्चला असायचा. काकांचे आजोबा तिथूनच भांडून बाहेर पडले होते. इकडे प्रोटेस्टंट मंडळीत पांढऱ्या भिंती, एक टेबल, एक व्यासपीठ. मेणबत्ती नाही, मूर्ती नाही, गुडघे टेकणं नाही.

आता गंमत बघा. काकू कॅथलिक. लग्नातच दोघांचं ठरलं होतं, तू मला ओढायचं नाहीस, मी तुला ओढणार नाही. दर रविवारी दोघं जोडीने घरातून निघायची, कोपऱ्यावर यायची आणि काकू उजवीकडे, काका डावीकडे. परत येताना कोपऱ्यावर जो आधी पोचेल त्याने थांबायचं. थांबायच्या काकूच, काका कसले वेळेवर सुटतात!

"झालं का पोपटासारखं बोलून?" काका विचारायचे.

"आणि तुमचं देवाला भाषण ठोकून झालं? तो जागा होता ना शेवटपर्यंत?"

असा संसार. बरा चालला होता की!

मग मंडळीची उपासना चालवायला नव्या पाळकबाई आल्या. वयाने लहान, आवाज मऊ, पण डोक्यात एकदा काही घेतलं की सोडायच्या नाहीत. त्यांनी उपासनेचा एक नवा क्रम छापून घरोघर वाटला. सुरुवातीला पापाची कबुली सगळ्यांनी मिळून म्हणायची. पाळकाने एक ओळ म्हणायची, मंडळीने दुसरी. आपण काय मानतो ते सांगणारा जुना विश्वासाचा अंगीकार म्हणायचा. भाकर आणि द्राक्षारस वाटायचं प्रभुभोजन सणासुदीपुरतं न ठेवता दर रविवारी. बाकीच्या चर्चसाठी प्रार्थना, आणि वर्षातून एकदा पलीकडच्यांबरोबर एकत्र उपासना.

"बाई, हे सगळं तिकडचं आहे," काका म्हणाले.

"काका, आपण वेगळे व्हायच्या आधीपासूनचं आहे हे. जेवढं त्यांचं, तेवढंच आपलं."

"आमच्या आजोबांनी सोडलं ते काय उगाच?"

"आजोबा भांडले ते बरोबरच असेल. पण भांडण झालं म्हणून कुणी आईची भाषा सोडतं का?"

काका रागाने तरातरा निघाले. घरी येऊन त्यांनी तो कागद भट्टीशेजारच्या फळीवर टाकला आणि त्यावर पावाचा गरम ट्रे ठेवला. वार्षिक सभेत या क्रमावर निर्णय व्हायचा होता. अर्धी मंडळी काका म्हणतील तिकडे हात वर करणारी. टेलरमास्तर म्हणाले, "तू फक्त उभा राहून बोल. ठराव आपोआप पडतो." काका म्हणाले, "पाडतोच."

आणि सभेला अजून अवकाश असताना काकूंना झटका आला.

उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. सगळं समजायचं, डोळे पूर्वीसारखेच तिखट, पण शब्द तोंडापर्यंत यायचा नाही. पाणी हवं असलं तरी "ते... ते..." करून थांबायच्या आणि मग रागाने त्यांच्याच डोळ्यांत पाणी यायचं. जिने काकांना जन्मभर एकही वाक्य बिनउत्तराचं जाऊ दिलं नाही, तिच्याकडे आता नुसतं "अं" उरलं होतं. बेकरीच्या वरच घर. खाली पीठ मळताना काकांचे कान वर लागलेले असायचे, आणि वरून काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. त्यांना ते घर खायला उठायचं.

काका रोज पलंगाशी बसून प्रार्थना करायचे. आपल्याच शब्दांत, पोटतिडकीने. पण ती रंगात आली की काकू मान फिरवायच्या, "अं! अं!" करायच्या आणि डाव्या हाताने चादरीवर थापा मारायच्या. एकदा तर काकांच्या तोंडावरच हात ठेवला. काकांच्या फार मनाला लागलं. मी हिच्यासाठी जीव तोडतोय आणि हिला ते ऐकवतही नाही!

बोलणं शिकवायला एक मुलगी यायची. ती म्हणाली, "नवं वाक्य जुळवणं त्यांना जमत नाही, पण पाठ असलेलं पुष्कळदा शाबूत राहतं. अंक, वार, गाणी, लहानपणची प्रार्थना. तुम्ही सुरुवात करून द्या, पुढचं त्या उचलतात का बघा."

काकांनी वार म्हणून पाहिले. काकू बुधवारपर्यंत आल्या आणि अडखळल्या. मग काकांनी आपल्या मंडळीची गीतं गायली, एकामागून एक, सगळी कडवी. काकू त्यांच्याकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या. त्यांना त्यातलं एकही येत नव्हतं. येणार कुठून? रविवारी त्या उजवीकडे जायच्या.

एका दुपारी काकूंची धाकटी बहीण आली. काका खाली ट्रे धूत होते. आणि जिन्यावरून आवाज आला. बहिणीचा नव्हे, काकूंचा. चांगला स्वच्छ, अख्ख्या वाक्यांचा. काकांच्या हातून ट्रे निसटला. तसेच ओल्या हातांनी ते धडाधड जिना चढून गेले.

मेहुणी जपमाळ घेऊन बसली होती. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग ती म्हणायची, उरलेला अर्धा काकू. एक शब्द गळत नव्हता. काका दारात उभे राहिले आणि आधी त्यांना फार आनंद झाला. आणि पाठोपाठ, काय सांगायचं, जळफळाट झाला.

"माझ्याशी पाणी एवढा शब्द बोलत नाही, आणि तुझ्याशी अख्खी माळ?"

"भाऊजी, मी काही जादू करत नाही," मेहुणी म्हणाली. "मी माझं अर्धं म्हणते. उरलेलं ताईला येतंच."

"हे बाहेर कुठे बोलू नकोस."

"म्हणजे? ताई बोलली हे लपवायचं?"

"काय बोलली ते नको सांगू," काका पुटपुटले. टेलरमास्तरांच्या कानावर गेलं तर ते काय म्हणतील, हे काकांच्या डोळ्यांपुढे आलं होतं. जन्मभर ज्याला पोपटपंची म्हणून हिणवलं, तेवढंच बायकोच्या तोंडात शिल्लक राहावं!

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना मात्र दोन्हीकडची. ती तरी आपल्याला येते म्हणून दुसऱ्या दिवशी काका पलंगाशी बसले आणि पहिली ओळ म्हणाले. काकूंनी दुसरी उचलली. दोघं बरोबरीने शेवटापर्यंत आली, वाइटापासून सोडव म्हणून काकूंनी आमेन केलं आणि काका मात्र आपल्या सवयीने पुढे राज्य, सामर्थ्य, गौरव करत निघाले. काकूंनी असे डोळे वटारले म्हणता! तिकडे प्रार्थना तिथेच संपते ना. आमेन झाल्यावर बोलणारा हा कोण शहाणा?

दुसऱ्या दिवसापासून काका तिच्या आमेनला थांबायला लागले. कुणाला सांगितलं नाही.

पण एकाच प्रार्थनेवर किती दिवस काढणार? बाकीचं काही त्यांना येत नव्हतं. मेहुणी म्हणाली, ताईचं प्रार्थनेचं पुस्तक घ्या. काकांनी हात झटकले. मग फळीवरचा पाळकबाईंचा कागद त्यांना आठवला. काळा पडलेला, कडेने करपलेला. अगदी पहिलीच प्रार्थना कबुलीची होती. काकांनी ती उभ्या उभ्या वाचली. मी चुकलो, असं सरळ लिहिलं होतं. वर कुठे जर नाही, तर नाही. काकांनी अख्ख्या संसारात फार तर "चुकलं असेल तर असेल" इथवर मजल मारली होती. हे म्हणायचं आणि तेही बायकोच्या समोर! त्यांनी कागदाची घडी घालून खिशात कोंबली.

सभेच्या दिवशी मेहुणीला यायला जमेना. काकूंना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. काकांनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, शाल पांघरली आणि कोपऱ्यावरून पहिल्यांदाच खुर्ची डावीकडे वळवली. काकूंनी वर मान करून पाहिलं. "आजच्या दिवस," काका म्हणाले, "दुसरी सोय नाही गं."

लोकांनी मायेने जागा करून दिली. कुणी पंखा कमी केला, कुणी उशी आणली. टेलरमास्तर जवळ येऊन कुजबुजले, "तयार?"

"तयार."

सभेची सुरुवात काकांच्या प्रार्थनेने व्हायची, तसा रिवाजच होता. काका टेबलाशी उभे राहिले, डोळे मिटले. "हे प्रभू, आजच्या या सभेत आम्हाला सद्बुद्धी दे, आमच्या वाडवडिलांनी..."

"अं," काकू म्हणाल्या.

काकांनी आवाज चढवला. "...वाडवडिलांनी जे सोसलं, त्याचं स्मरण..."

"अं! अं!" काकू डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थापा मारायला लागल्या. लोकांनी मिटलेले डोळे उघडले. एकीने जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला. काका थांबले. डोळे उघडून बायकोकडे बघत राहिले. आणि इतक्या महिन्यांत न कळलेली गोष्ट त्या घटकेला त्यांच्या डोक्यात शिरली. गप्प बसा असं ती म्हणत नव्हती. मलाही म्हणू द्या, असं म्हणत होती. काकांची प्रार्थना कितीही मनापासूनची असली, तरी तिच्यात दुसऱ्या माणसाला तोंड उघडायला जागाच नव्हती. घरी नव्हती आणि इथेही नव्हती. इथले लोक निदान मुकाट्याने बसायचे, एवढाच फरक.

काकांनी खिशात हात घातला, करपलेल्या कागदाची घडी उलगडली. समोरच्या बाकावर टेलरमास्तरांचा चेहरा पडला. "अरे, हे काय काढलंस?"

काका वाचायला लागले. आवाज नेहमीचा नव्हता, पहिलीतल्या पोरासारखा एकेक शब्द सुटा येत होता. "मी देवापुढे, आणि तुम्हा सगळ्यांपुढे, कबूल करतो, की मी चुकलो." त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "विचाराने चुकलो. बोलण्याने चुकलो. जे केलं त्यात चुकलो, आणि जे करायला हवं होतं ते केलं नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा."

त्याखाली ठळक अक्षरांत मंडळीचं उत्तर छापलेलं होतं. पण कुणी वाचलं असेल तर शपथ! घरोघर वाटलेले कागद घरोघरच राहिले होते. एक जण खाकरला. बाकी सगळे एकमेकांकडे बघत बसले. पाळकबाई उत्तर द्यायला पुढे सरकल्या आणि तशाच थांबल्या.

"सर्वसमर्थ देव," काकू म्हणाल्या, "दया करो." श्वास घेतला. "अपराधांची क्षमा करो. आणि सार्वकालिक जीवनाकडे नेवो."

तिकडे हे वाक्य फादर म्हणतात, लोकांनी फक्त आमेन म्हणायचं असतं. पण लहानपणापासून ऐकून ऐकून ते त्यांच्या हाडात बसलं होतं. कागदावरच्या शब्दांशी त्यांचे शब्द तंतोतंत जुळत नव्हते. कुणी चूक काढली नाही. मंडळीतल्या पुष्कळांनी त्यांचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला होता.

काकू काकांकडे एकटक बघत होत्या. हे ती मनापासून म्हणाली की नुसतं पाठ होतं म्हणून म्हणाली? हा प्रश्न काकांनी आयुष्यभर पलीकडच्या सगळ्यांना विचारला होता. आज तो त्यांच्या मनात आला आणि तसाच विरला. त्यांना माफी हवी होती आणि ती मिळाली होती. आता तिच्यापुढे बसून कोण चौकशी करणार?

कुठून तरी मागून एका म्हातारीने आमेन म्हटलं, मग चार जणांनी, मग सगळ्यांनी.

टेलरमास्तर टेबलापाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "अरे बाबा, आपलं काय ठरलं होतं? आता विरोधात बोलणार कोण?"

"तू बोल. मी ऐकेन, रागावणार नाही," काका म्हणाले. "पण आधी हे पुरं होऊ दे."

त्यांनी कागद पाळकबाईंच्या हातात दिला. "पुढचं तुम्ही वाचा बाई, मला अक्षर दिसत नाहीये." मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसत ते काकूंच्या खुर्चीशेजारी, उत्तर देणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसले.