आत्याची डोकेदुखी

तिसरा नट एकदम सुटला आणि त्याची बोटं वरच्या पत्र्यावर जाऊन आदळली. दोन बोटांची सालटी निघाली. त्याने शिवी गिळली आणि तसाच पडून राहिला. गाडीचं पुढचं अंग दोन लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलेलं होतं, पाठीखाली चेपलेला पुठ्ठा होता आणि डोळ्यांत गंज पडत होता.

"लागलं का?" बायको धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन दारात थांबली होती.

"नाही. पाना सटकला."

"सकाळपासून मला तुझे नुसते पायच दिसतायत. आता पायांशीच संसार करायचा की काय?"

तो गाडीखालीच हसला. इमारतींच्या लिफ्ट तपासणं हा त्याचा पेशा. दुसऱ्याने ढिला ठेवलेला बोल्ट, झिजलेली तार, पुढे ढकललेली तारीख यातलं काही त्याच्या नजरेतून सुटत नसे. स्वतःची गाडी मात्र तो कुणाच्या हातात देत नसे. महिनाभर वेग घेताना खालून फसफस आवाज येत होता. इंजिनाच्या टर्बोतून निघणारा धूर खाली नेतो तो डाउनपाइप चिरला असणार, हे त्याने बसल्या जागी सांगितलं होतं. नवा पाइप खोक्यातून काढून भिंतीला टेकवून ठेवला होता.

चौथा नट निघाला. त्याने जुना पाइप हलवत हलवत खाली घेतला आणि छातीवर आडवा धरून पाहिला. वेल्डिंगच्या कडेला चीर होती, केसाएवढी, आतून अजून चकचकीत. अंदाज बरोबर निघाला होता. मग त्याने टॉर्च वर, टर्बोच्या तोंडाशी नेला.

तिथे काजळी होती. जोडाच्या एका बाजूने काळा पट्टा निघून मागच्या पत्र्यावर चढत गेला होता, थेट गाडीत हवा ओढली जाते त्या जाळीपर्यंत. चीर महिन्याभराची होती. ही काजळी तशी नव्हती. नखाने खरवडली तरी निघेना. दोन तोंडांमध्ये बसवायची गास्केटची चकती त्याने उपसून काढली. तिचा पाव भाग जळून गेलेला होता.

चकती त्यानेच बसवली होती. दोन वर्षांपूर्वी टर्बो बदलला तेव्हा. नवी चकती यायला चार दिवस लागणार होते, आणि दुसऱ्या दिवशी आत्याला मोठ्या आत्याकडे न्यायचं होतं. त्याने जुनीच पुसून लावली. चार दिवसांनी बदलू म्हणाला. नवी चकती आलीही होती, पण ती कुठल्या खणात पडली ते आता त्याला आठवेना.

आई गेल्यावर त्याला धाकट्या आत्याने वाढवलं. शाळेचे गणवेश शिवून. तिची थोरली बहीण, म्हणजे मोठी आत्या, दोन तासांच्या अंतरावर राहायची आणि दर पंधरा दिवसांनी तो आत्याला तिच्याकडे घेऊन जायचा. आत्या मागच्या सीटवर, काचा बंद, कारण तिला वारा सोसत नसे. तिचे गुडघे आखडतात म्हणून तो मागचा हीटर आठवणीने चालू ठेवायचा. स्वतः मात्र काच खाली करून, कोपर बाहेर काढून चालवायचा.

आणि दर वेळी अर्ध्या वाटेत तिचं डोकं धरायचं. मळमळायचं. गाडी थांबवावी लागायची. आधी तो पाणी द्यायचा, पाठीवर हात फिरवायचा. पुढे पुढे नुसता घड्याळात बघत उभा राहायचा. एकदा ती रस्त्याच्या कडेला ओणवी झालेली असताना तो म्हणाला होता, "जायचं नसेल तर सरळ सांग ना. दर वेळी ही नाटकं कशाला?"

तिने रुमालाने तोंड पुसलं होतं आणि गाडीत येऊन बसली होती. त्यानंतर ती गेली नाही. बहिणीला फोनवर गुडघ्यांचं कारण सांगत राहिली. आठ महिन्यांनी मोठी आत्या आजारपणात वारली. त्या दिवशी त्याच गाडीतून ते गेले. पोचल्यावर आत्या बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसली ती उठलीच नाही. मोठ्या आत्याची मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "मावशीला आत येऊन तोंडसुद्धा बघवत नाही." तेव्हापासून त्या मुलीचा फोन आला नव्हता.

"अरे, झोप लागली का तिथे?" बायकोने वाकून पाहिलं.

त्याने बाहेर येऊन चकती तिच्या हातावर ठेवली आणि सांगितलं. थोडक्यात, लिफ्टच्या अहवालात लिहितात तसं. तिने चकती उलटसुलट करून पाहिली.

"आत्यांना सांगणार?"

"सांगायला नको?"

"तुला हलकं वाटेल. त्यांना काय मिळणार?"

तो पुन्हा गाडीखाली सरकला. दोन्ही तोंडं तारेच्या ब्रशने घासली, नको तितकी घासली. पाइपच्या खोक्यात आलेली नवी चकती बसवली, नवा पाइप वर उचलला, नट आलटूनपालटून आवळले आणि पुन्हा पहिल्यापासून तपासले. सेन्सरची वायर जोडली. गाडी घोड्यांवरून उतरवून चालू केली. फसफस नव्हती. जोडाभोवती हात फिरवला, कुठे झोत लागला नाही.

मग तो मागचं दार उघडून आत्याच्या जागी जाऊन बसला. काचा बंद केल्या. हीटर चालू होताच. अंगणात कपडे वाळत घालता घालता बायको थांबली आणि बघत राहिली. तो पंधरा मिनिटं तसाच बसला. तापलेल्या धुळीखेरीज कसलाही वास आला नाही.

घरात आत्या खिडकीपाशी बसून त्याच्या शर्टाची कॉलर उलटवत होती. त्याने हात धुतले होते, तरी नखं काळी होती. तो तिच्या खुर्चीसमोर खाली बसला.

"आत्या, गाडीत धूर येत होता."

"आज?"

"आज नाही. आपण मोठ्या आत्याकडे जायचो तेव्हा. तुझं डोकं दुखायचं ते त्यानेच. मी एक जुनी चकती तशीच लावली होती, बदलायची राहून गेली. माझ्यामुळे झालं ते."

तिने सुई कापडात खोचून ठेवली.

"दर वेळी यायचा?"

"दर वेळी. हीटर चालू असला की जास्त."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पण घातला नाही. तो वाट बघत राहिला. ती ओरडेल, निदान रडेल, असं त्याने गाडीत बसून ठरवलं होतं. ते सोसायची तयारीही केली होती.

"म्हणजे मी नाटकं करत नव्हते," ती म्हणाली.

"नाही गं."

"मला वाटायचं, करतेय. मुद्दाम नाही, पण आतून. ताईचं नि माझं एकदा फार बिनसलं होतं, तू लहान होतास. वाटलं, वरवर मिटलं तरी आत कुठेतरी राहिलंय, म्हणूनच अंग जायला नको म्हणतंय. तू तसं म्हणालास ना, तेव्हा पटलंच मला." तिने एक श्वास सोडला. "नव्हतं तर तसं काही."

तिचा चेहरा सैल झाला होता. जवळजवळ आनंदी. त्याला तो बघवेना. तो जमिनीकडे बघत राहिला.

"शिव्या तरी दे," तो म्हणाला.

"देईन की. आत्ता वेळ नाही." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि कपाटावरचा फोन घेऊन बोटाने एकेक नाव वर सरकवू लागली. नाव सापडल्यावर तिने फोन कानाला लावला.

"कोण, बाळा? मी मावशी... अगं हो, बरेच दिवसांनी. ऐक, मला एक सांगायचं होतं. तुझी आई आजारी होती ना, तेव्हा मी येत नव्हते. तर ते असं होतं, की आमच्या गाडीत काहीतरी बिघाड होता, धूर यायचा, त्याने मला उभं राहवत नव्हतं... आज कळलं. हो, आजच... नाही गं, कुणाची चूक नाही. यंत्रच ते, बिघडतं."

तो उठला. त्याने फोनसाठी हात पुढे केला. आत्याने मान हलवली, नको म्हणाली, फोन दुसऱ्या कानाला नेला. त्याने हात तसाच ठेवला. पलीकडून आवाज येत होता, मावशी, मावशी, आहेस ना. शेवटी तिने फोन त्याच्या हातात दिला.

"ताई," तो म्हणाला, "मी बोलतोय. मावशी सगळं खरं सांगत नाहीये."