पाठीवरचं पाणी

केयूर चांगला मुलगा होता, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला. जरा कमी चांगला असता तर त्या दिवशी समोर येईल ते खाऊन-पिऊन, ढेकर देऊन घरी आला असता आणि लग्न ठरवून मोकळा झाला असता. पण त्याला दुसऱ्याचा विचार करायची खोड होती, आणि एकदा विचार करायला लागला की तो थांबायचा नाही.

तो चीनमध्ये निंगबो नावाच्या शहरात नोकरीला होता. पाच दिवस गाड्यांचे प्लास्टिकचे भाग तपासायचे आणि शनिवार-रविवार माउंटन बाइक घेऊन डोंगरात पळायचं, असा त्याचा चार वर्षांचा शिरस्ता. त्याच कंपनीत सरिता दुभाषी होती. ती पैठण रोडवरच्या, चितेगावच्या पुढच्या एका खेड्यातली. पुण्यात राहून चिनी शिकलेली. केयूर शहरातल्या समर्थनगरचा. तेव्हा पाट्यांवर शहराचं नाव औरंगाबाद होतं. दोघांच्या घरांत अंतर तीसच किलोमीटर, पण भेटायला त्यांना चीन गाठावा लागला. एरवी समर्थनगरची माणसं त्या खेड्यात कशाला जातात, आणि गेली तरी सरिताच्या वस्तीत कशाला जातात?

सरितानेही सायकल घेतली. दोघं मिळून चहाच्या मळ्यांतून, बांबूच्या बनांतून, नकाशात नसलेल्या गावांतून हिंडली. चिनी खेड्यांत केयूरचा एकच नियम होता: कुणी काही दिलं तर नाही म्हणायचं नाही. तिथल्या म्हाताऱ्या दारातच थर्मास घेऊन उभ्या राहायच्या आणि भर उन्हात कढत पाणी पाजायच्या. केयूर जीभ भाजून घ्यायचा आणि 'वा वा' म्हणायचा. आईला कळलं असतं तर तिने अंथरूण धरलं असतं, असे कोंबडीचे पायसुद्धा त्याने चघळले. एकदा एका आजोबांनी सकाळी नऊ वाजता तांदळाची दारू पाजली, आणि पुढच्याच वळणावर केयूर सायकलसकट चहाच्या झुडपांत गडप झाला. सरिता बांधावर बसून अर्धा तास हसली. झुडपांत उताणा पडल्या पडल्या केयूरने ठरवलं, की हीच.

सरिताला तो आवडत होताच. पण तिने एक अट आधीच सांगून टाकली. "आबा नाही म्हणाले तर माझंही नाही. मी त्यांच्याशी भांडणार नाही. तीस वर्षं चितेगावच्या कारखान्यात राबून त्यांनी मला इथवर पाठवलंय. त्यांना तुला बघू दे. मग काय ते."

दोन हजार सोळाच्या मे महिन्यात दोघं रजा घेऊन घरी आली. दुष्काळाचं ते लागोपाठचं साल. केयूरच्या घरी बातमी फुटली तेव्हा वडिलांनी, अनंतरावांनी, पेपरचं एकच पान आठवडाभर वाचलं आणि आई भानुमतीबाईंनी देवघरातली भांडी दिवसातून दोनदा घासली. शेवटी अनंतराव म्हणाले, "आधी तिकडचं काय ते कळू दे." म्हणजे होकारही नाही आणि नकारही नाही. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला फाईल अशी फिरवता येते.

तिच्या घरी जायच्या आदल्या दिवशी सरिता फोनवर सहज बोलून गेली, की गावात टँकर पाच दिवसांनी येतो, आई दोन-दोन तास रांगेत उभी असते. झालं. केयूरचा विचार सुरू झाला. आपण जाणार म्हणजे पाणी, चहा, स्वयंपाक, भांडी. त्या माउलीच्या दोन हंड्यांना भोक पाडायचं? छे! त्याने सायकलीवरून जायचं ठरवलं. पाठीवर दोन लिटरची पाण्याची पिशवी, तिची नळी खांद्यावरून तोंडाशी. आणि आईला सांगितलं, "मला दशम्या करून दे. वाटेत खायला."

सकाळी सातलाच ऊन भाजत होतं. पैठण रोडच्या दोन्ही बाजूंनी शहर हातपाय पसरत चाललं होतं. रिकाम्या रानात प्लॉटिंगच्या कमानी उभ्या होत्या. एका कमानीवर 'तलाव दर्शन नगरी' असं लिहिलं होतं आणि खाली कोरड्या खड्ड्यात चार शेळ्या बसल्या होत्या. चितेगावात टपरीवाल्याने केयूरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पाठीला सलाईन लावलंय का, दादा?"

"पाणी आहे."

"आन् नळी कशाला?"

"नळीनं प्यायचं."

"का? ग्लास चालत नाय तुम्हाला?"

टपरीवरची सगळी खिदळली. केयूरही हसला. त्यातला इशारा मात्र त्याला कळला नाही.

सरिताचं घर दोन खोल्यांचं, पुढे लिंबाचं झाड. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, ताजा हार घातलेली. सरिताचे आबा, पुंडलिकराव, पांढरा सदरा घालून खुर्चीत बसले होते. त्यांची थोरली बहीण, सरिताची आत्या, आवडाबाई उंबऱ्यात बसली होती. केयूरने हात जोडून खणखणीत 'जय भीम' घातला. पुंडलिकरावांच्या कपाळावरची एक आठी मिटली. "जय भीम. बसा." सरिता आतल्या दारातून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड होता. इथवर सगळं झकास चाललं होतं.

सरिताची आई मुक्ताबाई बाहेर आल्या. हातात लखलखीत घासलेला तांब्या आणि काठोकाठ भरलेलं फुलपात्र. साडीही ठेवणीतली. त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढे केलं.

"नको, नको, काकू!" केयूर जवळजवळ उभाच राहिला. "माझं पाणी आहे माझ्याकडं." आणि खात्री पटावी म्हणून त्याने नळी तोंडात धरून एक घोट ओढला. खरोखर ओढला. सर्रकन आवाजही झाला.

मुक्ताबाईंचे हात तसेच पुढे राहिले.

"मंग चहा टाकते," त्या हळूच म्हणाल्या.

"चहापण नको, काकू. त्यालाही पाणी लागतंच की." केयूर प्रेमाने हसला. त्याला वाटलं, यांना गहिवरून आलंय. "आणि जेवायचंही काही करू नका. मी दशम्या आणल्यात." त्याने डबा काढून मांडीवर ठेवला.

आवडाबाईने मान वाकडी करून डब्याकडे पाहिलं. "दशम्या," ती म्हणाली. "दुधात मळलेल्या. पाण्याचा टिपूस नसतो त्यात. प्रवासात कुणाचा इटाळ नगं म्हणून बामणाच्या बाया करायच्या. लई वर्सांनी बघितल्या."

केयूरला हे माहीत नव्हतं. दशमी दुधात मळतात ती मऊ राहावी म्हणून, असं तो जन्मभर समजत आला होता. त्याने सरिताकडे पाहिलं. दारात ती नव्हती.

पुंडलिकराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मुक्ता, ने ते पाणी आत," ते म्हणाले. मग केयूरला म्हणाले, "माझी आजी आडावर जायची तर वरून वतायचे. लांबून. तिनं ओंजळ धरायची. मी शाळेत गेलो तर माठाला शिवायचं नाय. आता हे माझं घर हाय, हा माझा तांब्या हाय. आन् पाव्हणा घरून पाणी बांधून आणतो. आम्हाला पाणी पाजायची हौस नाय, साहेब. पण ज्या घरात पोरगी द्यायची, त्या घराचं तोंड आधी बघावं लागतं. बघितलं. सांभाळून जा, ऊन लई हाय."

ते उठून लिंबाखाली गेले. केयूरला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. चहाच्या झुडपांतही नाही.

तो घराच्या बाजूला गेला. सरिता रांजणापाशी उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते.

"सरिता, मी तुमच्या पाण्याचा विचार करून..."

"माहितेय मला. मला माहितेय म्हणून तर रडतेय." तिने नाक पुसलं. "चीनमध्ये कुठल्या म्हातारीला नाही म्हणालास तू? तिथं तू पाहुणा होतास. इथं उपकार करायला आलास. आई पहाटं चारला उठून ते पाणी गाळत होती, केयूर. तुझ्यासाठी. दोनदा गाळलं तिनं."

केयूरला स्वतःचा असा संताप आला, की त्याने पाठीवरची पिशवी ओढून काढली, झाकण उघडलं आणि ती तिथेच मातीत उपडी करायला निघाला.

"सांडू नगं रं मुडद्या!" आवडाबाई कडाडली. ती काठी टेकत कधी मागे येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. "दुष्काळात राग आला म्हणून पाणी सांडतो? वत त्या रांजणात!"

केयूरने मुकाट्याने सगळं पाणी रांजणात ओतलं. समर्थनगरचं पाणी आणि टँकरचं पाणी एक झालं. मग तो आत गेला, चुलीपाशी बसलेल्या मुक्ताबाईंसमोर फरशीवर मांडी घातली आणि म्हणाला, "काकू, चुकलो. फार तहान लागलीय."

खरंच लागली होती. घशाला कोरड पडली होती. मुक्ताबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, मग तोच तांब्या पुढे केला. केयूरने फुलपात्र रिकामं केलं, पुन्हा पुढे धरलं, पुन्हा रिकामं केलं. चौथ्यांदा हात पुढे गेला तेव्हा दारातून आवडाबाई म्हणाली, "आता बास कर की. शुक्करवारपतूर पुरवायचं हाय." तोवर तिने एक दशमी उचलून खायला घेतली होती. "गोड हाय," ती म्हणाली. मुक्ताबाईंनी हसू पदराआड लपवलं आणि चहाचं आधण ठेवलं.

पण होकार मुक्ताबाईंचा पाहिजे नव्हता. चहा पिऊन केयूर लिंबाखाली गेला. पुंडलिकराव त्याच्या सायकलीला फेरी मारत होते. तीस वर्षं फिटरचं काम केलेल्या माणसाला समोरचं यंत्र न बघता राहवत नाही, मग ते कुणाचंही असो.

"स्टँड नाय, कॅरेज नाय," ते सायकलीलाच म्हणाले. "माणूस कुठं बसवायचं हिच्यावर?"

"सरिताची वेगळी आहे, काका. चढावर ती माझ्या पुढं जाते."

"जाणारच." पुंडलिकरावांनी चेनचा ताण बोटाने बघितला. मग पाठ सरळ करून त्यांनी विचारलं, "तू पाणी प्यालास, ते कळलं मला. आवडाअक्का 'बास कर' म्हणून वरडली तेव्हाच समजलं. येडेपणा केलास, कपट नाय. पण मला दुसरं सांग. तुझी आई पिईल का इथलं?"

'पिईल की' हे केयूरच्या जिभेवर आलं होतं. त्या दोन शब्दांत काम फत्ते झालं असतं. पण त्याला पहाटेची आई दिसली, परातीत दूध ओतणारी. तिने सवयीने ओतलं की ठरवून, हे त्याला सांगता येईना. एवढ्या वर्षांत त्याने तिला कधी विचारलंच नव्हतं.

"माहीत नाही, काका," तो म्हणाला, आणि सगळं संपलं असं समजून खाली बघत उभा राहिला.

पुंडलिकरावांनी श्वास सोडला. "व्हय म्हणला असतास तर आत्ता वाटंला लावलं असतं तुला. माझी पोरगी खोट्याच्या भरवशावर नाय धाडणार मी." ते घराकडे वळले. "रविवारी घिऊन ये आईबापाला. जेवायलाच या. मंग बघू."

परतीच्या वाटेवर केयूरने ना कमानी बघितल्या ना टपरी. सकाळी त्याला परक्या घराची धाकधूक होती. आता स्वतःच्या घराची वाटत होती, आणि ती जास्त होती.

भानुमतीबाई दारातच उभ्या होत्या. त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि सगळं सांगितलं. नळी, तांब्या, दशम्या, ओंजळ, काही वगळलं नाही. अनंतरावांनी पेपर खाली ठेवला. "आई, रविवारी तिथं जेवायचंय. पाणीही तिथलंच," केयूर शेवटी म्हणाला. "येशील का?"

भानुमतीबाई कितीतरी वेळ बोटाभोवती पदर गुंडाळत राहिल्या. "मी अशी कधी गेले नाही रे कुणाकडे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "कुणी बोलावलंही नाही कधी." मग त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या आणि चार पावलांवर थांबून, मागे न बघता त्यांनी विचारलं, "तिखट फार खात असतील का रे ते?"